भावाचा दगा आणि परतीची वाट: योसेफाच्या कथेमागची परंपरा

‘भाऊबंद’ म्हणजे नातलग. पण ‘भाऊबंदकी’ म्हटले की डोळ्यांपुढे तंटाच उभा राहतो. भावाने भावाला दगा दिल्याच्या कथा म्हणूनच आपल्याला नव्या नाहीत. अवघड असते ते पुढचे. दगा देणारा परत येतो तो कसा? या प्रश्नाला सर्वांत खोलवर भिडला तो हिब्रू बायबलचा ‘उत्पत्ती’ हा पहिला ग्रंथ. तोही एका दमात उत्तरापर्यंत पोहोचलेला नाही.

तिथे पहिला काइन. तो धाकट्या भावाला, हाबेलला, शेतात ठार मारतो. ज्याची क्षमा मागायची तोच उरत नाही, म्हणजे परतीची वाट बंद. पुढे याकोब. थोरला भाऊ केसाळ म्हणून हातांवर आणि मानेवर करडांची कातडी गुंडाळून तो दृष्टी गेलेल्या बापाकडून थोरल्याचा आशीर्वाद लाटतो. वीस वर्षांनी परतताना त्याच जुळ्या भावाला, एसावला, नजराणा धाडतो: 200 शेळ्या, 20 बोकड, 200 मेंढ्या, 20 एडके, पिलांसह 30 सांडणी, 40 गाई, 10 बैल, 20 गाढवी आणि 10 गाढव. एसाव 400 माणसे घेऊन समोर येतो. याकोब सात वेळा भुईपर्यंत वाकतो आणि एसाव धावत येऊन त्याला मिठी मारतो. प्रसंग सुंदर आहे. पण ‘मी फसवले’ हे शब्द याकोबाच्या तोंडून निघत नाहीत आणि दोघे लगेच आपापल्या वाटेने जातात. भरपाई झाली, माणूस बदलला की नाही, ते कळत नाही.

ती उणीव योसेफाच्या कथेने भरून काढली. योसेफ सतरा वर्षांचा, बापाचा, म्हणजे याकोबाचा, लाडका. भाऊ त्याला कोरड्या खड्ड्यात टाकतात. ‘मारून काय मिळणार, विकू या’ असे सुचवणारा त्यांच्यातलाच यहूदा. किंमत येते चांदीची 20 नाणी. मग त्याचा झगा बोकडाच्या रक्तात बुडवून बापापुढे ठेवतात. करडाच्या कातड्याने बापाला फसवणारा याकोब इथे बोकडाच्या रक्ताने फसतो.

बावीस वर्षे उलटतात. गुलाम म्हणून मिसरला (इजिप्तला) गेलेला योसेफ आता तिथला कारभारी आहे आणि दुष्काळात धान्य मागायला आलेले भाऊ त्याला ओळखत नाहीत. तो दुभाष्यामार्फत बोलतो, त्यांच्यावर हेरगिरीचा आळ घेतो, त्यांच्यातल्या शिमोनला अडकवून ठेवतो आणि धाकट्या बन्यामीनला आणायला लावतो. बन्यामीन त्याचा सख्खा, एकाच आईचा. बापाचा आताचा लाडका. जेवणात त्याला इतरांच्या पाचपट वाढले जाते, म्हणजे जुना मत्सर मुद्दाम डिवचला जातो. मग त्याच्या गोणीत चांदीचा प्याला लपवून चोरी ‘उघडकीस’ आणली जाते. निवाडा असा: हा एकटा गुलाम म्हणून राहील, बाकीच्यांनी खुशाल घरी जावे.

पहिल्या गुन्ह्याची सगळी मांडणी इथे पुन्हा उभी आहे: बापाचा लाडका धाकटा, मिसरची गुलामी आणि मोकळे घरी जाण्याची संधी. या वेळी तर नुसते गप्प राहिले तरी काम झाले असते. तेव्हा पुढे येतो तो यहूदाच, विकायची कल्पना ज्याची होती तो. ‘याच्याऐवजी मला ठेवा’ असे तो म्हणतो आणि योसेफाला रडू आवरत नाही.

या रचनेचे बळ एका गोष्टीत आहे: ही परीक्षा आहे हे यहूदाला ठाऊक नाही. ठाऊक असते तर त्याच्या बोलण्याला काडीची किंमत उरली नसती. बाराव्या शतकात ज्यू धर्मपंडित मोशे बेन मैमोन यांनी पूर्ण पश्चात्तापाची व्याख्या हीच केली: तेच पाप पुन्हा करण्याची संधी आणि ताकद असताना माणूस ते टाळतो. बहुतेक लेखकांची चूक इथेच होते. ते पश्चात्ताप अश्रूंत आणि संवादांत दाखवतात, जुना मोह पुन्हा समोर ठेवतच नाहीत.

कुराणातल्या 12व्या सूरेत (अध्यायात) हीच कथा वेगळा कल घेते. तिथे भर यहूदाच्या बदलापेक्षा यूसुफच्या क्षमेवर आहे: आज तुमच्यावर कसलाही ठपका नाही.

आपल्याकडे वाल्मीकींनी पेच निराळा घातला. वाली गुहेत राक्षसाशी लढत असतो. वर्षभर थांबलेला सुग्रीव बाहेर येणारे रक्त पाहतो, भाऊ मेला असे समजून तोंडाशी शिळा लावतो आणि निघून जातो. दग्याच्या मुळाशी गैरसमज आहे, म्हणून न्याय करणे जास्त कठीण. रामाच्या बाणाने कोसळल्यावर वाली आपली सोन्याची माळ सुग्रीवाला देतो, मुलगा अंगद त्याच्या हाती सोपवतो. मरताना होणारा हा मेळ आपल्या मनावर इतका ठसला आहे की 1975च्या ‘दीवार’मध्येही वाट चुकलेला थोरला आईच्या मांडीवरच प्राण सोडतो. मरणाने सुटका होते खरी, पण भावाबरोबर पुढे जगायचे कसे, हा प्रश्नही त्यासोबत संपतो.

योसेफाच्या कथेत तो संपत नाही. बाप मिसरमध्ये आणखी सतरा वर्षे जगतो. तो गेल्यावर भाऊ पुन्हा घाबरतात, आता हा सूड घेईल म्हणून. ‘त्यांना क्षमा कर’ असा बापाचा निरोप होता, असे ते कळवतात. बापाने असे काही सांगितल्याचा प्रसंग ग्रंथात कुठेच नाही. निरोप ऐकून योसेफ पुन्हा रडतो.