लोह की मॅग्नेशियम? आधी पिवळं पान कुठलं ते बघा

शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, असं पान दिसलं की निम्मे लोक मॅग्नेशियम सल्फेट ओततात आणि उरलेले हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत). कारण दोघांचं एकच: हरितद्रव्य कमी पडलंय. पडलंय खरं, पण कशामुळे?

हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो, हे शाळेत झालंय. लोह त्या रेणूत नसतंच (ते हिमोग्लोबिनमध्ये असतं, दोघांची अदलाबदल करणारे थोडे नाहीत). पण हरितद्रव्य घडवताना लोह लागतं, त्यामुळे ते कमी पडलं तरी पान पिवळंच होतं.

म्हणून निव्वळ रंगावरून निदान करू नये, पान झाडावर कुठे आहे ते बघावं. मॅग्नेशियम झाडात फिरतं. तुटवडा आला की झाड जुन्या पानांतून ते काढून शेंड्याला पुरवतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह एकदा पानात बसलं की सहजी हलत नाही. जुनी पानं हिरवीगार राहतात आणि शेंड्याची कोवळी पानं पिवळी, पुढे जवळपास पांढरी पडतात. एकाच पानाचा जवळून काढलेला फोटो त्यामुळे निरुपयोगी. अख्खं झाड बघावं. शिरांसकट सगळं पान पिवळं असेल तर ही दोन्ही सोडा: खालची पानं असतील तर नत्राच्या (नायट्रोजनच्या) तुटवड्याचा संशय घ्या, वरची असतील तर गंधकाच्या.

मॅग्नेशियमचा इलाज सोपा आहे: लिटरला १० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, फवारणी. पालाश (पोटॅश) जास्त पडलं असेल तर तेही आवरा, कारण ते मुळांना मॅग्नेशियम घेऊ देत नाही.

लोहाचं दुखणं वेगळं. जमिनीत लोह बहुधा भरपूर असतं, पण चुनखडीच्या जमिनीत, सामू (पीएच) ७.५ च्या वर गेला की ते विरघळत नाही. तिथे मातीत हिराकस टाकणं म्हणजे पैसे पुरणं. तेही काही दिवसांत गंजून अडकतं. ईडीटीए चिलेटही (चिलेट म्हणजे लोहाला धरून विरघळतं ठेवणारं संयुग) सामू ६.५ च्या पुढे लोह धरून ठेवत नाही. मातीतूनच द्यायचं तर ईडीडीएचए चिलेट घ्या, महाग असलं तरी. फवारणीला लिटरला ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी. तपकिरी पडलेला हिराकस वापरू नका. फवारलेलं लोह पुढच्या पानांत जात नाही, त्यामुळे नवी पालवी पिवळी निघत राहिली तर १०-१५ दिवसांनी पुन्हा फवारावं लागतं.