वायरचा धूर आणि टीव्हीच्या बॉडीचा धूर

कुर्ला, साकीनाका, धारावीचं तेरा कंपाऊंड... मुंबईत जिथे जिथे भंगार फोडलं जातं, तिथे काळ्या प्लास्टिकचे दोन ढीग हमखास दिसतात. एक वायरींचा, दुसरा टीव्ही-मॉनिटर-प्रिंटरच्या बॉडींचा. दोन्ही सहज पेट घेत नाहीत, आच काढली की बऱ्याचदा आपोआप विझतात, आणि दोन्हींचा धूर काळाच. पण विष तयार होण्याची रीत वेगळी आहे.

वायरचं आवरण बहुधा पीव्हीसीचं असतं. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो, तोही मूळ रेणूतच. जाळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. डायऑक्सिन हे घातक विष मात्र नंतर बनतं: धूर थंड होताना, साधारण २०० ते ४५० अंश सेल्सियसच्या टप्प्यात, काजळी आणि क्लोरीनपासून. तांबं या क्रियेला वेग देतं, आणि वायरमध्ये ते आतच बसलेलं असतं.

टीव्हीची बॉडी एबीएस किंवा हिप्स या कडक प्लास्टिकची. या प्लास्टिकमध्ये मुळात हॅलोजन (क्लोरीन, ब्रोमिनच्या गटातलं मूलद्रव्य) नसतो. शॉर्टसर्किट झालं तर आग पसरू नये म्हणून त्यात ब्रोमिनयुक्त ज्वालारोधक मिसळतात, जुन्या मालात वजनाच्या दहा टक्क्यांहूनही जास्त, सोबत अँटिमनी ट्रायऑक्साइड (अँटिमनी या धातूसारख्या मूलद्रव्याचं संयुग). तापल्यावर सुटणारा ब्रोमिन ज्योतीतली साखळी-क्रिया तोडतो. त्यातून माणसाला पळायला वेळ मिळतो, इतकंच. लाकूड किंवा टायरच्या धगीत तीच बॉडी जळते, पण अर्धवट. त्यामुळे काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतात.

खरी मेख पुढे आहे. डेकाबीडीईसारख्या जुन्या ज्वालारोधकांचा रेणू म्हणजे ऑक्सिजनने जोडलेली दोन वलयं. त्यातून ब्रोमिन सुटून वलयांमध्ये आणखी एक बंध जुळला की ब्रोमिनेटेड फ्युरान हे डायऑक्सिनच्याच जातीचं विष तयार. पीव्हीसीत विष नव्याने घडावं लागतं, इथे अर्धं काम आधीच झालेलं असतं. ज्योतही लागत नाही, नुसतं तापणं पुरतं. हा धूर बऱ्याचदा वायरच्या धुराएवढा झोंबत नाही, म्हणून लोक जवळ उभे राहतात. आमच्या मते या दोघांत तोच जास्त फसवा.

ओळखायचं कसं? तापलेली तांब्याची तार प्लास्टिकला टेकवून ज्योतीत धरायची चाचणी इथे कुचकामी, कारण क्लोरीन आणि ब्रोमिन दोन्ही ज्योत हिरवी करतात. शिवाय त्या चाचणीत थोडं विष आपणच बनवतो. आधी बॉडीच्या आतल्या बाजूचा छाप वाचा. ‘एफआर’पुढे (FR, म्हणजे ज्वालारोधक) कंसात १७ असेल तर ब्रोमिन आणि अँटिमनी, १९ असेल तर डेकाबीडीईच्या कुळातलं, ४० असेल तर हॅलोजनविरहित फॉस्फरसचं.

छाप नसेल तर मीठपाणी. एक लिटर पाण्यात १६० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा, घनता सुमारे १.१० होते. लेबल, स्क्रू, फोम काढलेला तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवून मग टाका, नाहीतर चिकटलेले बुडबुडे त्याला तरंगत ठेवतात. साधं एबीएस आणि हिप्स (१.०४ ते १.०६) तरंगतं, भरपूर ब्रोमिन असलेलं बुडतं. पीव्हीसी, पॉलिकार्बोनेट आणि काचतंतू घातलेला मालही बुडतो, म्हणून बुडालेला तुकडा संशयित समजायचा, दोषी नव्हे. उलट, रिसायकल मालातला थोडासा ब्रोमिन या चाचणीत निसटतो.

वायरीवर उपाय सोपा आहे: सोलण्याचं मशीन. जाळलेलं तांबं काळवंडतं, त्याला भावही कमी मिळतो. बॉडीला असा सोपा मार्ग नाही. बुडालेला माल वेगळ्या गोणीत भरून अधिकृत ई-कचरा रिसायकलरकडेच द्यायचा. तो रिसायकल प्लास्टिकच्या इतर दाण्यात मिसळला की ब्रोमिन नव्या काळ्या वस्तूंत शिरतो.

आणि आधीच कुठे जाळलं गेलं असेल, तर ती राख कोरडी झाडू नका. वायरच्या राखेत जुन्या आवरणातलं शिसं असू शकतं, बॉडीच्या राखेत अँटिमनी. पाण्याचा हबका मारून ओली करा, जाड पिशवीत बांधा, कुंडीत किंवा गटारात टाकू नका.