तूप, तिखट आणि रेड वाइन

रेड वाइन पहिल्यांदा चाखणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते: तोंड कोरडं पडलं. जीभ टाळूला लागून राहते, हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात आणि ‘आपल्याला नाही बुवा झेपत’ म्हणून ग्लास बाजूला सरकतो. सोबत काय खाल्लं होतं असं विचारलं, तर एक तर काहीच नाही, नाहीतर मसाला शेंगदाणे आणि तिखट चिवडा. माझ्या मते इथेच वाइनवर अन्याय होतो. रेड वाइन ही जेवणाच्या ताटाशेजारी ठेवायची गोष्ट आहे. ती कडवट लागेल की मऊ, हे ताटात काय वाढलंय त्यावर बरंचसं ठरतं.

जोडी लावायची तर एक आयता नियम सगळ्यांना पाठ असतो: मटणाबरोबर रेड, माशाबरोबर व्हाइट. हा नियम ज्या युरोपीय स्वयंपाकघरांत रुजला, तिथे रोजच्या जेवणात हिरव्या मिरचीचा ठेचा नव्हता आणि सुक्या खोबऱ्याचं वाटणही नव्हतं. मराठी घरातल्या रात्रीच्या जेवणासाठी मटण की भाजी हा प्रश्न दुय्यम आहे. तिखट किती, तूप-तेल किती, आंबट-गोड किती, हे आधी बघायला हवं. त्यामागचं रसायनशास्त्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बरंच उलगडलं आहे.

तोंड कोरडं पाडणाऱ्या द्रव्यांना टॅनिन म्हणतात. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत ती भरपूर असतात. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पिळला तर तो जवळपास रंगहीन निघतो. रेड वाइन करताना मात्र हा रस साली-बियांसकट आंबवतात आणि त्या दिवसांत रंग आणि टॅनिन दोन्ही रसात उतरतात. व्हाइट वाइनच्या रसातून साली आधीच काढून टाकतात, म्हणून तिच्यात हा तुरटपणा फारसा नसतो. जांभूळ, सुपारी, कच्चं केळं, कडक कोरा चहा यांचा तुरटपणाही याच कुळातला.

आपल्या लाळेत प्रोलिन या अमिनो आम्लाने समृद्ध अशी प्रथिनं असतात. लाळेचा बुळबुळीतपणा टिकवण्यात त्यांचा हातभार असतो. टॅनिनचे रेणू या प्रथिनांना जाऊन चिकटतात, दोघांचे गठ्ठे बनतात आणि तोंडातलं वंगण कमी होतं. मग जीभ आणि टाळू एकमेकांवर घासल्याचं जाणवायला लागतं. म्हणजे तुरटपणा हा बराचसा स्पर्शाचा अनुभव आहे. रेड वाइन तोंडात नीट घोळवून पांढऱ्या बेसिनमध्ये थुंकली तर कधीकधी जांभळट तंतू दिसतात. ते हेच गठ्ठे.

हे पडताळून बघायला वाइनही लागत नाही. बिनदुधाचा, बिनसाखरेचा कडक चहा करा, कोमट होऊ द्या आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक घोट घ्या. प्रत्येक घोटागणिक कोरडेपणा वाढत जातो. आता गरम भातावर चमचाभर साजूक तूप आणि चिमूटभर मीठ घालून दोन घास खा आणि पुन्हा चहाचा घोट घ्या. तोच चहा मवाळ लागतो. चवीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ पॉल ब्रेस्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये नेमका असाच प्रयोग प्रसिद्ध केला. तुरट पेयाचे घोट घेत गेलं की तुरटपणा साठत जातो, मधे सलामी, म्हणजे मुरवलेल्या मांसाचे तेलकट काप, खाल्ली की तो उतरतो आणि सलामीचा ओशटपणाही त्या पेयाने कमी होतो. तुरट आणि स्निग्ध ही तोंडातल्या जाणिवेची दोन टोकं आहेत आणि ती एकमेकांना आवर घालतात. चरबीदार मटणाबरोबर रेड वाइन जमते त्याचं मोठं कारण हे आहे. पण मग हेच काम दाण्याचं कूट, तीळ आणि खोबरं भरलेलं वांगंही करू शकतं, आणि करतंच. भरली वांगी, ज्वारीची भाकरी आणि मध्यम टॅनिनची रेड ही माझ्या मते मराठी ताटातली सर्वांत कमी दाद मिळालेली जोडी आहे. मिठाचाही यात वाटा असतो, कारण मीठ कडूपणा दाबतं. मात्र वांगी झणझणीत नकोत.

तिखटाचं गणित वेगळं आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या टीआरपीव्ही-१ नावाच्या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, जाऊन बसतं. या ग्राहीचं खरं काम चटका लागेल इतकी उष्णता ओळखण्याचं. म्हणून तिखट ‘पोळतं’. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हा ग्राही शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना या कामासाठी नोबेल मिळालं. वाइनच्या दृष्टीने कळीचा शोध २००२ चा. एरवी हा ग्राही साधारण ४२ अंश सेल्सियसला जागा होतो, पण अल्कोहोल सोबत असेल तर ही मर्यादा ३४ अंशांच्या आसपास घसरते, असं त्यात दिसलं. आपल्या तोंडाचं तापमान त्याहून जास्तच असतं! तांबड्या रश्शाने जीभ आधीच पेटलेली असताना वर १४ टक्के अल्कोहोलची वाइन घेणं म्हणजे आगीत तेल ओतणं. त्यात टॅनिनने लाळेचं वंगण काढून घेतलेलं असतं, ते वेगळंच.

कॅप्सेसिन अल्कोहोलमध्ये विरघळतं, मग वाइनने ते धुऊन जात नाही का, असं कुणीही विचारेल. वाइनमध्ये अल्कोहोल १२ ते १४ टक्के, बाकी बहुतांश पाणीच. तेवढ्याने काम भागत नाही. तिखट उतरवायला दही-ताकच हवं, कारण दुधातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवतं. तेव्हा कोल्हापुरी तांबडा, सावजी रस्सा किंवा ठेचा-भाकरी असेल त्या रात्री रेडची बाटली बंदच राहू द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. घ्यायचीच असेल तर लेबलवरची टक्केवारी वाचून हलकी, कमी टॅनिनची घ्यावी आणि चांगली गार करून घ्यावी.

ही टक्केवारी येते कुठून, हे नाशिकच्या बागेत बघता येतं. महाराष्ट्रात वाइनचा जम बसू लागला तो ऐंशीच्या दशकात, शामराव चौगुल्यांच्या नारायणगावच्या प्रकल्पापासून. नाशिकच्या सुला या कंपनीची पहिली वाइन २००० मध्ये आली, पुढच्याच वर्षी राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि दिंडोरी-निफाड भागात शिराझ, कॅबर्ने सॉव्हिन्यों, झिनफँडेल या जाती दिसू लागल्या. युरोपात वेल थंडीत झोपतो. आपल्याकडे त्याला झोप मिळत नाही, म्हणून वर्षातून दोन छाटण्या कराव्या लागतात: एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, पावसाळा सरताना फळ छाटणी. काढणी जानेवारी ते मार्चमध्ये. आपल्या खाण्याच्या द्राक्षाशी तुलना केली तर वाइनचा मणी बारीक, जाड सालीचा आणि बियांचा असतो. त्यातली साखर ब्रिक्समध्ये मोजतात, म्हणजे रसाच्या वजनात साखर साधारण किती टक्के ते. यीस्ट ती साखर खाऊन अल्कोहोल बनवतं आणि लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल तयार होतं. २४ ब्रिक्सला तोडलेल्या द्राक्षातून साडेतेरा टक्क्यांच्या आसपासची वाइन होते ती यामुळे. उन्हात साखर भराभर चढते आणि द्राक्षाला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल भराभर घटतं. उष्ण प्रदेशात तोडणीचा दिवस चार दिवस इकडेतिकडे झाला तरी वाइनचा तोल जातो.

आता वासाकडे येऊ, कारण ज्याला आपण चव म्हणतो त्यातला बराच भाग वास असतो. घोट घेताना नाक चिमटीत धरा. फक्त आंबट, कडू, तुरट एवढंच उरेल. नाक सोडलं की घशामागून वाफ वर चढते आणि फळं, मसाले, लाकूड सगळं एकदम उलगडतं. म्हणूनच ग्लास एक तृतीयांशच भरायचा, हलकेच फिरवायचा आणि आधी हुंगायचं.

शिराझमध्ये कित्येकदा मिरीचा वास येतो. तो भास नाही. रोटुंडोन नावाचा रेणू या वासामागे आहे, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. काळ्या मिरीचा वासही मुख्यतः याच रेणूचा. एका लिटर रेड वाइनमध्ये १६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे सोळा अब्जांश भाग, एवढा जरी तो असला तरी नाकाला कळतो. मात्र साधारण पाचातल्या एका माणसाला तो फार मोठ्या प्रमाणातही जाणवत नाही, तेव्हा एकाच बाटलीबद्दल घरात दोघांची मतं वेगळी असली तर दोघंही खरं बोलत असू शकतात. वाइनमध्ये सापडण्याच्या कितीतरी आधी हा रेणू रसायनशास्त्रज्ञांना माहीत झाला तो नागरमोथ्याच्या गाठींमधून. दिवाळीच्या उटण्यात पडतो तोच नागरमोथा! द्राक्ष थंड हवेत पिकलं तर रोटुंडोन जास्त तयार होतं, म्हणून नाशिकच्या शिराझमध्ये मिरी शोधताना फार अपेक्षा ठेवू नये, पण मिरी घातलेल्या सुक्या मटणाबरोबर ती हुंगून जरूर बघावी.

ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनचं नातं तर गोड्या मसाल्याशीच आहे. ओकच्या लाकडातून युजेनॉल नावाचं सुगंधी द्रव्य वाइनमध्ये उतरतं, आणि लवंगेचा वास युजेनॉलचाच. त्याच लाकडातल्या लॅक्टोन या दुसऱ्या द्रव्याला खोबऱ्यासारखा वास असतो. लवंग, दालचिनी, भाजलेलं सुकं खोबरं आणि तीळ घातलेल्या काळ्या वाटणाशेजारी अशी वाइन ठेवली की वासांचे धागे जुळतात. एकच सुगंधी रेणू दोन्हीकडे असला म्हणजे जोडी जमलीच, असा दावा मी करणार नाही, तेवढ्याने जोडी ठरत नाही. पण गोडा मसाला सुगंधी असून तिखट नसतो, आणि रेड वाइनला हवं असतं ते नेमकं हेच.

नाक मात्र सहज फसतं. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये ५४ चाखणाऱ्यांना एक व्हाइट वाइन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवून दिली गेली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. मनापासून सांगायचं तर हे वाचून चाखणाऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. डोळ्यांनी आधीच सांगून टाकलं की मेंदू तसाच वास शोधतो, आणि हे आपल्या सगळ्यांच्या बाबतीत होतं. म्हणून दोन वाइनची तुलना करायची असेल तर बाटल्या कागदात गुंडाळा आणि ओतायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या.

आंबट-गोडाचं थोडक्यात. जेवण वाइनपेक्षा जास्त आंबट असेल तर वाइन मिळमिळीत लागते. चिंचेत आणि द्राक्षात मुख्य आम्ल एकच, टार्टारिक. बाकीच्या फळांत ते इतकं क्वचितच सापडतं. चिंचेच्या आमटीबरोबर किंवा टोमॅटोच्या रश्शाबरोबर आंबटपणा टिकवून असलेली रेड हवी. अकलूजला फ्रातेल्ली ही कंपनी इटलीतल्या टस्कनीची सांजोवेजे ही जात पिकवते. ती मुळात आंबटपणासाठीच ओळखली जाते, टोमॅटोच्या जेवणात वाढलेली आहे. आमटीत गुळाचा खडा चालतो, पण पुरणपोळी नाही. गोड घासानंतर ‘कोरडी’, म्हणजे गोडवा नसलेली, रेड आंबट आणि कडू लागते.

माशांच्या बाबतीत मात्र जुना नियम बऱ्याच अंशी खरा ठरला, आणि त्यात टॅनिनपेक्षा वेगळाच गुन्हेगार सापडला. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये समुद्री शिंपल्यांबरोबर अनेक रेड आणि व्हाइट वाइन चाखून पाहिल्या. ज्या वाइनमध्ये लोह जास्त, लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या वर, तिच्याबरोबर तोंडात हिवसपणा रेंगाळत होता. लोहामुळे माशातली असंतृप्त चरबी झटपट मोडते आणि त्यातून हा वास सुटतो. बांगडा आणि तारली हे तेलकट मासे असल्याने त्यांच्याबरोबर धोका जास्त. लोहाचं प्रमाण लेबलवर लिहिलेलं नसतं, म्हणून बांगड्याबरोबर सोलकढीच बरी.

तापमानाबाबत आपल्याकडे सर्रास चूक होते. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं म्हणतात, पण ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. पुण्यातल्या एप्रिलमधली बत्तीस अंशांची नव्हे. इतक्या उष्ण वाइनमधून अल्कोहोलची वाफ आधी नाकात जाते आणि फळांचा वास मागे पडतो. जेवणाआधी बाटली अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवली की तीच वाइन ओळखू येत नाही.

प्रकृतीविषयीही स्पष्ट बोललं पाहिजे. अल्कोहोलची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं आहे. रेड वाइनमधल्या रेसव्हेराट्रॉल या द्राक्षाच्या सालीतल्या द्रव्याचे गोडवे गायले जातात, पण त्याचं प्रमाण इतकं थोडं असतं की औषध म्हणून पिण्यात काही तथ्य नाही. प्यायची तर चवीसाठी, जेवणासोबत, एखादा ग्लास. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे.

एखादाच ग्लास घेतला की बाटली उरतेच. हवा लागली की अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण सुरू होतं आणि ॲसिटिक आम्ल बनवणारे जिवाणू वाढले तर वाइनचा व्हिनेगर होतो. बूच घट्ट बसवून फ्रीजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस ती पिण्याजोगी राहते. त्यानंतर मटण मुरवायला वापरता येते. मात्र शिजवताना अल्कोहोल सगळं उडून जातं हा समज चुकीचा आहे. अर्धा तास मंद आचेवर शिजल्यावरही घातलेल्यापैकी साधारण एक तृतीयांश उरतं, आणि तासाभराने पाव हिस्सा. पंगतीत लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी मटण वेगळं काढून मगच उरलेल्यात वाइन घालावी.