बी.एस्सी. नर्सिंग : प्रवेश आणि पदवीच्या अटी

बी.एस्सी. नर्सिंग हा भारतातील परिचर्येचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम. परीक्षा घेणे आणि पदवी देणे हे विद्यापीठाचे काम असले, तरी प्रवेशाची पात्रता, विषय, वॉर्डातील तास आणि शिक्षकांची संख्या यांचे किमान निकष भारतीय परिचर्या परिषद ठरवते. लोक तिला आयएनसी म्हणतात. १९४७ च्या कायद्याने ही परिषद उभी राहिली. त्या कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायदा मंजूर केला. येथे वर्णिलेला अभ्यासक्रम परिषदेच्या सुधारित नियमांनुसार आहे. जुलै २०२१ मध्ये राजपत्रात आलेल्या या नियमांनी वार्षिक पद्धत मोडून आठ सत्रांची श्रेयांक (क्रेडिट) पद्धत आणली. महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत.

परिचर्येचे शिक्षण विद्यापीठात असावे ही शिफारस देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने केली होती. १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे पदवीचे पहिले वर्ग सुरू झाले. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ पासून आहे. त्याआधी, आणि नंतरही बराच काळ, रुग्णालयाला जोडलेल्या शाळेतील पदविका हाच मुख्य रस्ता होता. आजही जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) ही पदविका सुरू आहे आणि तिला बारावीची कोणतीही शाखा चालते. पदवीला मात्र विज्ञान शाखाच लागते, हा फरक अनेक पालकांना प्रवेशाच्या आठवड्यात कळतो.

प्रवेश

प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण हवीत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. पहिल्या तीन विषयांत मिळून किमान ४५ टक्के लागतात. महाराष्ट्रात राखीव प्रवर्गांना ही अट ४० टक्के आहे. प्रत्येक विषय १०० गुणांचा धरला, तर ३०० पैकी १३५ किंवा १२० गुण. इंग्रजीचे गुण या बेरजेत येत नाहीत, पण त्या विषयात स्वतंत्र उत्तीर्ण व्हावे लागते. बारावीला ७० टक्के मिळूनही अपात्र ठरण्याचे नेहमीचे कारण म्हणजे जीवशास्त्र सोडून गणिताचा गट घेणे. दुसरे कारण, एकूण टक्केवारी बघून निश्चिंत राहणे आणि पीसीबीची, म्हणजे भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राची, बेरीज न करणे. मुक्त विद्यालयातून हेच विषय घेऊन बारावी झालेले उमेदवार पात्र असतात. वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त असल्याचा दाखला सर्वांनाच लागतो. रंगांधळेपणामुळे दार बंद होत नाही. रंगदोष सुधारणारा चष्मा किंवा लेन्स वापरण्याच्या अटीवर प्रवेश मिळतो.

महाराष्ट्रात २०२३ पासून या पदवीसाठी स्वतंत्र सीईटी होते. परीक्षा १०० गुणांची असते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि परिचर्येचा कल यांना प्रत्येकी २० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे प्रश्न कोरा सोडण्यात काही अर्थ नाही. परिषदेच्या नियमांत पात्रतेची रेषा टक्क्यांत नसून पर्सेंटाइलमध्ये आहे : खुल्या प्रवर्गाला ५०, राखीव प्रवर्गांना ४०. ५० पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ५० गुण नव्हेत. आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणारे निम्मे उमेदवार आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत जागा मिळूनही ती हातची जाते, ती बहुधा कागदांपायी. राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि ते एका आठवड्यात मिळणारे नव्हे. इतर मागास प्रवर्गाला त्यासोबत मुदतीतले नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्रही हवे. अकरावीतच वैधतेचा अर्ज टाकून ठेवणारे या फेऱ्यांत निवांत असतात.

तासांचा हिशेब

पदवीची खरी अट गुणपत्रिकेपेक्षा तासांत आहे. एक सत्र २० आठवड्यांचे, आठवडा ४० तासांचा, म्हणजे ८०० तास. आठवड्याला एक तास व्याख्यान सत्रभर झाले की १ श्रेयांक, म्हणजे २० तास. कौशल्य प्रयोगशाळेत १ श्रेयांकाला ४० तास लागतात आणि वॉर्डात ८०. श्रेयांकांचा आकडा बघून वॉर्डाचे काम थोडे वाटते, पण तासांत ते सगळ्यांत मोठे असते. तिसऱ्या सत्रातील प्रौढ आरोग्य परिचर्या या एकाच विषयाचे १४ श्रेयांक आहेत : ७ व्याख्यानांचे, १ प्रयोगशाळेचा, ६ वॉर्डाचे. तासांत हे १४०, ४० आणि ४८० होतात. सहा तासांची पाळी धरली तर ४८० तास म्हणजे ८० दिवस आणि एका सत्रात कामाचे किमान दिवस आहेत १००. म्हणून सकाळी वॉर्ड आणि दुपारी वर्ग असे वेळापत्रक लागते.

पहिल्या सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी आणि परिचर्येचा पाया हे विषय असतात. पायाच्या विषयातच प्रथमोपचार येतो आणि १६० तास वॉर्डात काढावे लागतात. दुसऱ्या सत्रात जीवरसायन, आहारशास्त्र आणि आरोग्य माहिती तंत्रज्ञान, पुढच्या दोन सत्रांत सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र आणि प्रौढ रुग्णांची परिचर्या. पाचव्यापासून बालक, मानसिक आरोग्य आणि सामाजिक आरोग्य, तर सहाव्यापासून प्रसूती परिचर्या. संशोधन आणि संख्याशास्त्र सातव्या सत्रात आहे. यांशिवाय प्रत्येकी १ श्रेयांकाचे तीन ऐच्छिक विषय पुरे करावे लागतात.

आठवे सत्र पूर्ण आंतरवासितेचे (इंटर्नशिपचे) : २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास, एकूण १,०५६ तास आणि १२ श्रेयांक. या काळात विद्यार्थी वर्गात बसण्यासाठी वॉर्ड सोडत नाही. पाळ्या करतो आणि रुग्णांची जबाबदारी देखरेखीखाली घेतो.

हजेरी आणि लॉगबुक

परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात व्याख्यान आणि प्रात्यक्षिक यांची वेगवेगळी ८० टक्के हजेरी लागते. एकात ९५ आणि दुसऱ्यात ७५ असेल तर सरासरी काढून चालत नाही. पदवी मिळण्याआधी वॉर्डाची हजेरी मात्र १०० टक्के भरावी लागते. आजारपणात गेलेले दिवस माफ होत नाहीत. ते सुटीत किंवा सत्र संपल्यावर भरून काढायचे असतात, आणि तेही त्याच प्रकारच्या वॉर्डात. प्रसूतिगृहातले चुकलेले दिवस शस्त्रक्रिया विभागात भरता येत नाहीत. महाविद्यालयाचे फिरते वेळापत्रक एकदा पुढे सरकले की त्या वॉर्डात दुसरी तुकडी असते आणि जागा मिळत नाही. कावीळ किंवा टायफॉइडने महिनाभर घरी राहिलेल्या विद्यार्थ्याने त्याच सत्रात भरपाईचे दिवस लेखी ठरवून घेतलेले बरे. शेवटच्या वर्षावर ढकललेले दिवस आंतरवासितेवर येऊन आदळतात.

प्रत्येक कौशल्याची नोंद लॉगबुकात होते. सलाइन लावणे, कॅथेटर घालणे, पार्टोग्राफ (प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता) भरणे, प्रसूती करणे अशी कामे ठरलेल्या संख्येने करून शिक्षकाची सही त्याच दिवशी घ्यायची असते. सही राहिली आणि शिक्षिका बदलून गेली, की केलेले कामही न केल्यासारखे होते. प्रसूतीच्या नोंदी सर्वांत अवघड, कारण त्या वेळापत्रकाने येत नाहीत. रात्रपाळी टाळणाऱ्यांचा आकडा इथे हमखास अपुरा राहतो. पुरुष विद्यार्थ्यांनाही ही अट पूर्ण लागू आहे.

परीक्षा

विद्यापीठ परीक्षेच्या लेखी विषयाला ७५ गुण आणि अंतर्गत मूल्यमापनाला २५ गुण असतात. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळे ५० टक्के हवेत. इंग्रजी आणि ऐच्छिक विषयांना ४० टक्के पुरतात. एखादा विषय राहिला तरी पुढच्या सत्रात बसता येते, पण तीन ठिकाणी अडसर आहे : पाचव्या, सातव्या आणि शेवटच्या सत्राच्या परीक्षेआधी मागचे सगळे विषय सुटलेले असावे लागतात. पहिल्या सत्रातले शरीरक्रियाशास्त्र किंवा दुसऱ्यातले जीवरसायन ओढत नेणारे पाचव्या सत्राशी अडकतात. अभ्यासक्रम जास्तीत जास्त आठ वर्षांत पूर्ण व्हायला हवा.

महाविद्यालय निवडताना

इमारत आणि वसतिगृह सगळेच बघतात. पाहायचे ते रुग्णालय. परिषदेला किमान १०० खाटांचे स्वतःचे रुग्णालय, वॉर्डात एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक अपेक्षित आहे. कागदावर १०० खाटा असून निम्म्या रिकाम्या असतील तर वॉर्डात शिकण्यासारखे काही उरत नाही. मानसिक आरोग्याच्या तासांसाठी विद्यार्थ्यांना बहुधा दुसऱ्या रुग्णालयात पाठवतात. ते कोणते आणि किती आठवडे, हे प्रवेशाआधीच विचारावे.

नोंदणी आणि पुढचे शिक्षण

पदवी मिळाली म्हणजे काम करण्याचा परवाना मिळाला असे नाही. महाराष्ट्रात महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे, गोव्यात गोव्याच्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. त्यानंतरच 'नोंदणीकृत परिचारिका व प्रसाविका' म्हणून काम करता येते. जीएनएम केलेल्या नोंदणीकृत परिचारिकांना पदवीसाठी चार वर्षे पुन्हा घालवावी लागत नाहीत. त्यांच्यासाठी दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहे. एम.एस्सी. नर्सिंगला पदवीत ५५ टक्के आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. बी.एस्सी. झालेल्यांचा अनुभव पदवीनंतरचा हवा, पोस्ट बेसिकवाल्यांचा आधीचाही चालतो.

परदेशी जाणाऱ्यांची कसोटी पुन्हा तासांवर येते. अमेरिकेसाठी कागदपत्रे तपासताना प्रौढ, बालक, माता व नवजात आणि मानसिक आरोग्य या शाखांतले व्याख्यानाचे आणि वॉर्डाचे तास वेगवेगळे दाखवावे लागतात. केवळ गुणपत्रिका पाठवली तर ती परत येते. तासांचा तपशील असलेली ट्रान्सक्रिप्ट महाविद्यालय आणि विद्यापीठाकडून मिळते, आणि जुन्या तुकड्यांच्या नोंदी शोधायला वेळ लागतो. त्यामुळे पदवी घेतानाच तिच्या दोन-तीन प्रती आणि अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत मागून ठेवावी. लॉगबुकही घरीच सांभाळावे.