ओएस (विंडोज, लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकताना हार्ड डिस्कचं पार्टिशन

पार्टिशन म्हणजे एकाच डिस्कमध्ये पाडलेले कप्पे. डिस्क एकच असते पण विंडोजमध्ये सी, डी, ई असे वेगळे ड्राइव्ह दिसतात. ए आणि बी फ्लॉपीला दिलेले होते म्हणून हार्ड डिस्क सी पासून सुरू होते, फ्लॉपी गेल्या तरी ते तसंच राहिलं.

आधी पार्टिशन पाडणं हा नाइलाजच होता. सुरुवातीच्या विंडोज ९५ मध्ये फॅट१६ ही डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत होती, तिच्यात एक पार्टिशन २ जीबीच्या वर जायचं नाही, म्हणजे ४ जीबीची डिस्क आणली की तुकडे करावेच लागायचे, आणि त्यातही क्लस्टर, म्हणजे फाइलला मिळणारा जागेचा सगळ्यात छोटा तुकडा, ३२ केबीचा त्यामुळे १ केबीची फाइलसुद्धा ३२ केबी अडवून बसायची. १९९६ ला फॅट३२ ही पुढची पद्धत आल्यावर ही अट गेली, सवय मात्र टिकली. असेंबल पीसी देणारे दुकानदार न विचारताच सी-डी-ई करून द्यायचे, विंडोज बिघडलं की सी ला फॉरमॅट मारायचा, डी मधली गाणी-फोटो जागच्या जागी.

हा फायदा आजही खरा आहे. पण डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे सगळं मुळात सी वरच असतं हे लोक विसरतात आणि फॉरमॅट मारल्यावर लग्नाचे फोटो शोधत बसतात. शिवाय विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये सी-डी अशी अक्षरं दिसत नाहीत, नुसते नंबर आणि साइज दिसते, म्हणून कुठल्या पार्टिशनची साइज किती ते आधीच कागदावर लिहून ठेवा, प्लीज.

आणि डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नाही! डिस्कच गेली तर सी आणि डी दोन्ही एकदम जातात, त्यासाठी वेगळी एक्स्टर्नल डिस्कच पाहिजे.

तोटा जागेचा. सी १०० जीबीचा ठेवला, तो दोन वर्षांत भरून लाल झाला, शेजारी डी अर्धा रिकामा, तरी ती जागा सी ला सहज देता येत नाही कारण विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटला सी च्या लगेच पुढे मोकळी जागा लागते, आणि तिथे तर डी बसलेला असतो. त्यामुळे २५६ जीबीच्या एसएसडीवर (चिपवाली, न फिरणारी डिस्क) माझ्या मते एकच पार्टिशन बरं. स्पीडसाठीही एसएसडीवर काही फरक पडत नाही, फिरणाऱ्या डिस्कवर बाहेरच्या कडेचा भाग जास्त फास्ट असतो म्हणून तिथे थोडा पडायचा.

लिनक्सवाल्यांनी मात्र होम (आपल्या फाइल्स असतात तो फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर जरूर ठेवावं, डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा प्रकार बदलला तरी फाइल्स आणि सेटिंग्ज राहतात, फक्त इन्स्टॉल करताना होमला फॉरमॅटची टिक लावू नका. विंडोज आणि लिनक्स दोन्ही हवं असेल तर वेगळी पार्टिशन्स लागतातच.

पार्टिशन्सची नोंद डिस्कवर ठेवायच्या दोन पद्धती आहेत, एमबीआर आणि जीपीटी. जुन्या एमबीआर पद्धतीत चारच प्रायमरी पार्टिशन्स आणि साधारण २ टीबीची मर्यादा, नव्या जीपीटीवर विंडोज १२८ पार्टिशन्सपर्यंत करू देतं. इन्स्टॉलर स्वतःहून ईएफआय (मशीन सुरू करणाऱ्या फाइल्सचं), रिकव्हरी (बिघडलेलं विंडोज दुरुस्त करायचं) अशी छोटी पार्टिशन्स पाडतो, ती फालतू समजून उडवू नयेत, ईएफआय उडालं तर मशीन बूटच होत नाही.