क्रिंपिंग (कनेक्टरच्या बारीक पिनांचे)

क्रिंपिंग म्हणजे वायरच्या सोललेल्या टोकावर धातूची पिन सोल्डर न लावता, नुसत्या दाबाने कायमची बसवणे. मोठ्या केबलवर लग किंवा थिंबल बसवतात तेही क्रिंपिंगच. या नोंदीत मात्र तांदळाच्या दाण्याएवढ्या पिनांचा विचार आहे. इन्व्हर्टरच्या कार्डावर, बॅटरी पॅकच्या बॅलन्स वायरींवर (प्रत्येक सेलला जोडलेल्या बारीक वायरी), सेन्सरवर आणि इंजिनिअरिंगच्या मुलांच्या प्रोजेक्टमध्ये दिसतात त्या.

सोल्डरशिवाय जोड करण्याची पद्धत रुजली ती विमाने आणि जहाजांच्या वायरिंगमुळे. अमेरिकेत 1941 साली सुरू झालेल्या एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स, म्हणजे पुढे एएमपी म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीचा धंदाच हा होता. जपानच्या जेएसटीच्या तर नावातच तो आहे: जपान सोल्डरलेस टर्मिनल.

नागपुरात सुटा इलेक्ट्रॉनिक माल घ्यायला लोक बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जातात. तिथे या पिनांना कॅटलॉगमधल्या नावांनी कमी आणि बाजारातल्या नावांनी जास्त ओळखतात. कुलपाची पट्टी असलेले, दोन पिनांमध्ये 2.54 मिमी अंतराचे कनेक्टर म्हणजे ‘रिलीमेट’, आणि सर्किटवर उभ्या काड्यांची पट्टी म्हणजे ‘बर्ग’. बर्ग हे एका अमेरिकी कंपनीचे नाव. ती कंपनी 1970 च्या दशकात ड्यूपॉन्टने घेतली, म्हणून त्याच पट्टीवर बसणाऱ्या मादी पिनेला जगभर ‘ड्यूपॉन्ट’ म्हणतात. जेएसटीच्या एक्सएच मालिकेत अंतर 2.5 मिमी असते, पीएचमध्ये 2 मिमी. 2.5 आणि 2.54 हा फरक डोळ्याला दिसत नाही, पण आठ-दहा पिनांच्या कनेक्टरमध्ये तो साठत जातो आणि शेवटची पिन अडते.

पिन हातात घेऊन भिंगाखाली पाहावी. पुढचा भाग पेटीसारखा असतो; समोरच्या कनेक्टरची काडी त्यात शिरते. त्याच्या मागे उघडी पन्हळ आणि तिला दोन पाकळ्या; या तांब्यावर बसतात. त्याही मागे आणखी दोन पाकळ्या, जरा उंच. त्या वायरच्या प्लास्टिकवर बसतात. सगळे काम या दोन जोड्यांचे आहे आणि प्रत्येकीचे काम वेगळे. पुढची जोडी करंट नेते. मागची जोडी वायर हलली-वाकली तर तो ताण तांब्यापर्यंत पोहोचू देत नाही. बिघडलेल्या पिनांपैकी बऱ्याच ठिकाणी गोंधळ इथेच दिसतो. वायर जास्त सोललेली असते आणि मागच्या पाकळ्यांनी प्लास्टिकऐवजी तांबेच धरलेले असते, किंवा वायर कमी सोललेली असते आणि पुढच्या पाकळ्यांत प्लास्टिक चेमटलेले असते.

एक्सएचसारख्या पिनेसाठी वायर साधारण 2 ते 2.5 मिमी सोलायची. एवढेसे सोलायला ब्लेड वापरू नये, एखादी तार तरी कापली जातेच. तारांना हलका पीळ द्यावा, घट्ट नको. पिन क्रिंपरच्या, म्हणजे पाकळ्या दाबायच्या हत्याराच्या, खाचेत अशी ठेवायची की पाकळ्यांची तोंडे दोन कमानींच्या जबड्याकडे असतील आणि पुढची पेटी जबड्याच्या बाहेर राहील. पेटी आत राहून चेपली, तर पिन वाया गेली. आता हँडल इतकेच दाबावे की पिन जागीच अडकून राहील, पाकळ्या मिटू नयेत. मग वायर आत सरकवायची आणि एका दमात शेवटपर्यंत दाबायचे. रॅचेटचा, म्हणजे मागे न फिरणाऱ्या दात्यांचा, क्रिंपर दाब पूर्ण झाल्याशिवाय सुटत नाही. त्याची कटकट ऐकून अर्ध्यावर सोडवायची घाई करू नये. पिन वाकडी बसली असेल तेव्हाच सुटकेची खिट्टी वापरावी.

दाब पुरेसा असेल तर पाकळ्या आत वळून तारांमध्ये घुसतात, तारा चपट्या होतात, त्यांच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा फाटतो आणि तांबे पिनेच्या कथिलाच्या मुलाम्याला थेट भिडते. मधे हवेला जागा उरत नाही. हे पकडीने होत नाही. पक्कड पाकळ्या नुसत्या आडव्या पाडते, आत पोकळी राहते आणि पावसाळ्यात दमट हवा तिथूनच आत शिरते.

SN-28B या नमुन्याचे रॅचेट क्रिंपर स्वस्त आहेत आणि दोन्ही जोड्या एकाच दाबात मिटवतात. जपानी बनावटीच्या PA-09 ला रॅचेट नाही, पण त्याच्या जबड्यात 1.0, 1.4, 1.6 आणि 1.9 मिमीच्या खाचा आहेत. तांब्यासाठी एक खाच आणि प्लास्टिकसाठी दुसरी निवडून दोनदा दाबावे लागते. वेळ जातो, पण नवशिक्याने आधी यावरच हात बसवावा. कोणती जोडी किती दाबली जाते हे त्यात स्पष्ट दिसते.

वायरच्या मापाचा घोळ आपल्या बाजारात फार होतो. दुकानदार 7/36, 14/38, 14/36 अशी वायर देतो. पहिला आकडा तारांचा, दुसरा एसडब्ल्यूजी गेजचा, म्हणजे तारेच्या जाडीच्या ब्रिटिश मापाचा. पिन आणि क्रिंपरवर मात्र एडब्ल्यूजी, म्हणजे अमेरिकी माप लिहिलेले असते. हिशेब केला तर 7/36 म्हणजे सुमारे 0.2 चौ. मिमी, जवळजवळ 24 एडब्ल्यूजी. एक्सएच पिनेला अगदी योग्य. 14/38 सुमारे 0.25 होते, तीही चालते. 14/36 मात्र 0.4 च्या आसपास जाते. एक्सएचची मर्यादा 22 एडब्ल्यूजी, म्हणजे 0.33 चौ. मिमी आहे. जाड वायर ‘मजबूत’ म्हणून घेतात आणि पाकळ्या पूर्ण मिटतच नाहीत. एकसंध तांब्याची वायर या पिनांना वापरूच नये.

‘वरून थोडे सोल्डर मारून द्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. वायर आधी कथिल लावून दाबली तर मऊ कथिल दाबाखाली हळूहळू सरकते आणि पकड ढिली होते. दाबल्यावर सोल्डर केले तर ते तारांमधून मागे शोषले जाते, वायर तिथे कडक होते आणि वाकवता वाकवता त्या कडेलाच तुटते. नीट दाबलेल्या पिनेला सोल्डर लागत नाही, आणि वाईट दाबलेली पिन सोल्डरने सुधारत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात हा विषय जास्तच महत्त्वाचा ठरतो. मे महिन्यात सावलीतच पारा 45 अंशांवर जातो. गच्चीवरच्या पत्र्याच्या बंद डब्यात त्याहून बराच वर. एक्सएच कनेक्टरची मर्यादा 85 अंश आहे आणि करंटमुळे पिनेत होणारी वाढही त्यातच धरलेली आहे. ढिल्या जोडात अर्ध्या ओहमचा अडथळा तयार झाला आणि 3 अँपिअर वाहिले, तर साडेचार वॅट उष्णता त्या दाण्याएवढ्या पिनेत निघते. भर दुपारी बंद पडणारे आणि संध्याकाळी आपोआप सुरू होणारे यंत्र समोर आले की कार्ड बदलण्याआधी पिना ओढून पाहाव्यात. तापून-निवून ढिला झालेला जोड पुष्कळदा असाच वागतो.

तपासणी साधी आहे. दोन जोड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत तांबे आणि प्लास्टिक दोन्ही दिसले पाहिजेत. तांब्याच्या पाकळ्यांपुढे तारांची टोके किंचित बाहेर आलेली हवीत, एकही तार बाजूला सुटलेली नको. मग पिन एका हातात, वायर दुसऱ्या हातात धरून सरळ ओढावी. सुटली तर ती कापून टाकावी. उघडून पुन्हा दाबलेल्या पाकळ्यांना आधीची ताकद राहत नाही.

हाउसिंगमध्ये, म्हणजे कनेक्टरच्या प्लास्टिकच्या खोक्यात, पिन सरकवताना तिच्या पाठीवरची बारीक जीभ खिडकीच्या बाजूला असावी. ‘टक’ असा आवाज आला की वायर मागे ओढून बघायची. वायरींचा क्रम चुकला असेल तर सुईच्या टोकाने जीभ खिडकीतून दाबली की पिन निघते. परत घालण्यापूर्वी ती जीभ पुन्हा वर उचलायला विसरू नये.