व्यायाम आणि मेंदू : मराठवाड्याच्या संदर्भात

शरीराच्या हालचालीमुळे मेंदूची रचना, स्मरणशक्ती, मनःस्थिती आणि मेंदूचे आजार यांत काय फरक पडतो, हे शोधणारे जैववैद्यकीय संशोधनाचे क्षेत्र. प्राण्यांवरील प्रयोग, मेंदूची एमआरआय चित्रे, रक्ततपासण्या आणि मोठ्या लोकसमूहांचा वर्षानुवर्षे ठेवलेला पाठपुरावा यांतून ते उभे राहिले. मराठवाड्यात व्यायामाचा विषय काढला की ठरलेला प्रतिप्रश्न येतो, "दिवसभर रानात राबतो की, अजून कसला व्यायाम?" प्रश्न रास्त आहे. गेल्या काही दशकांतील संशोधनाने त्याला जे उत्तर दिले आहे, ते राबणाऱ्या माणसाने जरूर ऐकावे असे आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते. मात्र विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा वापरते, तिच्यातला जवळपास पाचवा हिस्सा एकट्या मेंदूला लागतो. म्हणून रक्तपुरवठ्यात झालेला थोडासा बिघाडही त्याला सोसत नाही. प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी तयार होत नाहीत, असे विसाव्या शतकात दीर्घकाळ धरून चालत. १९६५ मध्ये जोसेफ आल्टमन आणि गोपाल दास यांनी उंदरांच्या मेंदूत याच्या उलट पुरावा दाखवला, पण त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. १९९९ साली अमेरिकेतील साल्क संस्थेत हेन्रिएट व्हान प्राग, फ्रेड गेज आणि सहकाऱ्यांनी काही उंदरांच्या पिंजऱ्यात फिरते चाक ठेवले. मनाला येईल तेव्हा चाकावर धावणाऱ्या या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मरणाशी निगडित भागात, नव्या पेशी जास्त आढळल्या आणि त्यांचे शिकणेही सुधारले. माणसाच्या बाबतीत वाद मिटलेला नाही. प्रौढ माणसात अशा पेशी तयार होतात आणि होत नाहीत, असे दोन्ही निष्कर्ष २०१८ या एकाच वर्षी प्रसिद्ध झाले. तेव्हा व्यायामाने मेंदूत नव्या पेशी उगवतात, असे छातीठोकपणे सांगणे घाईचे ठरेल.

परिणाम घडवणारे मार्ग मात्र बऱ्यापैकी उलगडले आहेत. बीडीएनएफ हे प्रथिन चेतापेशींना जगवते आणि त्यांच्यातील जोडण्या बळकट करते. इव्ह-अ‍ॅलेन बार्ड आणि हान्स थोनेन यांनी १९८२ मध्ये ते डुकराच्या मेंदूतून वेगळे केले. धावण्याने उंदरांच्या मेंदूत त्याची निर्मिती वाढते, हे १९९५ मध्ये दिसले. स्नायूंत तयार होणारे लॅक्टेट पूर्वी टाकाऊ समजले जाई. प्रत्यक्षात ते रक्तावाटे मेंदूत पोचते आणि तिथे इंधन म्हणून वापरले जाते.

माणसांवरील अभ्यासांत कर्क एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा २०११ चा प्रयोग महत्त्वाचा आहे. १२० वयस्कर व्यक्तींपैकी निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू वाढवत ४० मिनिटांपर्यंत चालण्याचा व्यायाम केला. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढले. नुसते अंग ताणण्याचे हलके व्यायाम करणाऱ्या उरलेल्यांचे १.४ टक्क्यांनी घटले. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्मृतिभ्रंश जडलेल्या सुमारे ५०० रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, व्यायामाने अंगातली ताकद वाढली, पण बुद्धीची घसरण थांबली नाही. आजाराआधीचा व्यायाम आणि आजार जडल्यानंतरचा व्यायाम यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

आता राबण्याचा प्रश्न. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे उदाहरण घेऊ. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे, ज्याला हिशेबात 'कोयता' म्हणतात, दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. पहाटेच्या थंडीत फड सुरू होतो. कमरेत वाकून बुडाशी कोयता घालायचा, वाढे तोडायचे, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच. या कामात हृदयाचे ठोके आणि रक्तदाब तासन्‌तास चढे राहतात आणि शरीराला सावरायला उसंत मिळत नाही. व्यायामात याच्या उलट घडते: थोडा वेळ ठोके वाढतात, मग विश्रांती मिळते आणि त्या विश्रांतीतच शरीर सुधारते. डेन्मार्कमधील संशोधक आंद्रेआस होल्टरमन यांनी कष्ट आणि व्यायाम यांच्या परिणामांतील ही विसंगती ठळकपणे मांडली. कोपनहेगनमधील सुमारे ४,७०० पुरुषांच्या दीर्घ पाठपुराव्यात अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका बैठे काम करणाऱ्यांपेक्षा ५५ टक्क्यांनी जास्त आढळला. कोपनहेगनमधील हा आकडा बीडच्या फडाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण खेड्यातला माणूस राबतो म्हणून त्याचा मेंदू आपोआप सुरक्षित राहतो, ही समजूत सोडावी लागेल.

भारतातील अलीकडचे आकडेही तेच सुचवतात. हरियाणातील बल्लभगढच्या ग्रामीण भागात निरक्षर वृद्धांसाठी खास हिंदी चाचणी तयार करून पूर्वी केलेल्या पाहणीत अल्झायमरचे (स्मृतिभ्रंशाचा एक प्रमुख प्रकार) प्रमाण जगातील सर्वांत कमी प्रमाणांपैकी निघाले होते. पण पुढे वृद्धांमधील स्मृतिभ्रंशाची पाहणी करणाऱ्या देशव्यापी लासी-डॅड अभ्यासाने साठीपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख रुग्ण, असे काढले. त्यात ते पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त दिसले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे दिली आणि ती दूर झाली तर जवळपास ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबणीवर टाकता येतील, असा अंदाज वर्तवला. व्यायामाचा अभाव त्यांपैकी एकच. अपुरे शिक्षण, कमी ऐकू येणे, उपचार न झालेला दृष्टिदोष, बीपी आणि शुगर हीही त्याच यादीत आहेत. घरच्या म्हातारीचे विसरणे 'वयाचं आहे' म्हणून सोडून देण्याआधी तिचे कान, मोतीबिंदू आणि रक्तदाब तपासून घेणे हे व्यायामाइतकेच मोलाचे आहे.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात (स्थापना १९७२) शेतकरी स्त्रियांच्या कामात हृदयगती आणि ऊर्जेचा खर्च मोजून कष्ट कमी करणारी साधने सुचवण्याचे काम झाले आहे. त्याकडे शेतीच्या अवजारांचा विषय म्हणून पाहिले जाते. मेंदूच्या आरोग्याशी त्याचे नाते जवळचे आहे आणि ते जोडले गेले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला. ज्याची पाठ दिवसभर वाकलेली असते, त्याला याच्या जोडीला झोप, पाणी आणि सावलीही मिळायला हवी. तालुक्याच्या गावात दुकान, कचेरी किंवा क्लासमध्ये बसून दिवस काढणाऱ्यांना मात्र हा सल्ला तंतोतंत लागू पडतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा चालणे ऊन तापायच्या आत उरकावे.

नैराश्यावरही व्यायामाचा उपयोग होतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेने २०१४ मध्ये उंदरांत दाखवले, की व्यायाम केलेले स्नायू कायन्युरेनिन या द्रव्याचे रूपांतर करतात. नैराश्याशी संबंधित असलेले हे द्रव्य मग मेंदूत कमी पोचते. मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांचा उल्लेख इथे सांभाळूनच करायला हवा. नापिकी आणि कर्ज धावून फिटत नाही, आणि तशा माणसाला 'जरा फिरून या' एवढ्यावर वाटेला लावणे क्रूर आहे. उपचार, माणसांची सोबत आणि पैशाची मदत यांच्या जोडीनेच व्यायामाचा उपयोग.

कंपवातात (पार्किन्सन) मात्र व्यायाम हा उपचाराचाच भाग झाला आहे. या रुग्णांचे पाय दाराच्या अरुंद चौकटीत, उंबरठ्याशी अचानक जमिनीला खिळतात. पुढे जायची इच्छा असते, पाऊल उचलत नाही. मागून ढकलले तर तोल जातो. जमिनीवर आडव्या रेघा आखल्या किंवा एका लयीत ठोका दिला, तर अनेकांचे पाऊल सुटते. ठोक्याच्या साथीने चालण्याचा सराव १९९० च्या दशकापासून वापरात आहे. टाळाच्या ठेक्यावर पावली खेळलेल्या माणसाला हा सराव शिकवणे अवघड जाऊ नये. गोळीचा असर चांगला असेल त्या वेळेत, कुणीतरी शेजारी उभे असताना आणि डॉक्टरांना विचारून तो करावा.